चकाकी आणल्यावर जुने ओरखडे पुन्हा दिसणे आणि कडा बसणे : लहान पोलादी भागांच्या घरगुती कामातील नेहमीच्या दोषांचे निवारण

जुन्या कुलपातील लिव्हर, शिलाई यंत्राची सरकती पट्टी, एखाद्या हत्याराचा खटका किंवा नुसता मोठ्या माथ्याचा स्क्रू, असा पोलादाचा लहान भाग घरच्या बाकावर कानसून, घासून त्याला चकाकी आणू पाहणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. शेवटच्या पॉलिशपर्यंत भाग उत्तम दिसतो, आणि पॉलिश पुसून तो उजेडात धरला की चकाकणाऱ्या पृष्ठभागावर चार-दोन खोल रेघा स्पष्ट उमटलेल्या असतात. मग त्या रेघा जाव्यात म्हणून पुन्हा पॉलिश होते. रेघा तशाच राहतात, मात्र कडा बसतात, म्हणजे गोलसर होतात, भोकांचे काठ ओघळल्यासारखे होतात आणि सपाट असलेली बाजू हलकीशी फुगीर दिसू लागते. भाग बदलला, घासकागद बदलला, पॉलिशची वडी बदलली तरी हेच घडत असेल, तर दोष पॉलिशमध्ये नसून त्याच्या आधीच्या टप्प्यांत आहे असे धरून चालावे. पॉलिशने खोल रेघ जात नाही. तिच्या आजूबाजूचा धूसरपणा जातो, आणि म्हणूनच आधी न दिसलेली रेघ नंतर दिसते.

पहिले काम निदानाचे. भाग स्वच्छ पुसून दिव्याच्या तिरक्या उजेडात, पृष्ठभागाशी अगदी लहान कोन होईल असा धरावा आणि भिंगातून पाहत सावकाश फिरवावा. समोरून पडणाऱ्या उजेडात सपाट भासणारी बाजू तिरक्या उजेडात आपली सगळी हकीकत सांगते. शिल्लक रेघ कोणत्या दिशेने जाते, ती एकटी आहे की समांतर रेघांच्या जुडग्यात आहे, तिची दोन्ही टोके निमुळती आहेत की एका टोकाला खड्डा आहे, या तीन गोष्टी नीट पाहिल्या तर तिचा उगम बहुधा कळतो. समांतर, एकसारख्या खोलीच्या रेघा असतील तर आधीच्या जाड कागदाचे काम अर्धवट सुटलेले असते. एकटी, खोल, टोकाला खड्डा असलेली रेघ कानशीच्या दातांत अडकलेल्या कणाची असते. वेड्यावाकड्या, अचानक वळणाऱ्या रेघा दिसल्या तर बारीक कागदावर जाड कण आलेला आहे असे समजावे.

कानशीपासून सुरुवात करू, कारण सर्वांत खोल रेघा तेथेच पडतात. कानस पुढे जातानाच कापते. मागे येताना ती दाबून ओढली तर दात बोथट होतातच, शिवाय निघालेला पोलादाचा कीस दातांच्या खोबणीत घट्ट बसतो. असा एक कण दातांपेक्षा किंचित वर आला की पुढच्या प्रत्येक फेऱ्यात तो पृष्ठभागावर नांगरासारखी रेघ ओढत जातो. यासाठी काम सुरू करण्यापूर्वी कानशीला कोरडा खडू चोळावा. खडूने खोबणी अंशतः भरते आणि कीस चिकटून बसत नाही. मधूनमधून तारेच्या ब्रशने दातांच्या दिशेने कानस झाडावी, आणि तरीही न निघणारे कण पितळी पट्टीच्या कडेने ढकलून काढावेत. मऊ पितळेच्या कडेवर दातांचा साचा उमटतो आणि ती कड थेट खोबणीच्या तळापर्यंत पोहोचते, त्यामुळे टोकदार पोलादी सुईने खरवडण्यापेक्षा हा उपाय कितीतरी चांगला आहे. लहान भागावर मोठी, जाड दातांची बास्टर्ड कानस चालवण्याचा मोह टाळावा. जेवढा धातू काढायचा आहे तेवढा मध्यम दातांच्या सेकंड कट कानशीने काढून, शेवटचा थोडा भाग बारीक दातांच्या स्मूथ कानशीने, आणि शक्य तेथे कानस आडवी धरून दोन्ही हातांनी समोर-मागे सरकवत काढला, तर पुढे कागदाचे निम्मे श्रम वाचतात.

कानशीचे काम संपले हे डोळ्याने ठरवू नये. पृष्ठभागावर मार्करची शाई किंवा आखणीचा निळा रंग पातळ लावून, सपाट काचेवर चिकटवलेल्या कागदावर भाग हलकेच दोन-तीनदा फिरवला, की उंच जागा उजळतात आणि खोलगट जागी रंग तसाच राहतो. रंग शिल्लक असलेल्या ठिकाणी कानशीची रेघही शिल्लक असण्याची शक्यता मोठी असते. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर हीच शाई कामी येते, आणि या सबंध प्रक्रियेतील कोणत्याही एका सवयीचा आग्रह धरायचा झाला तर मी तो याच सवयीचा धरीन. शाई लावायला काही क्षण लागतात. ती न लावल्यामुळे मागे जावे लागले तर सगळे काम पुन्हा करावे लागते.

आता कागदाकडे. घासकागदाच्या मागे छापलेला आकडा सर्वत्र एकच अर्थ सांगतो अशी समजूत असते, आणि अनेकांचे ओरखडे येथेच जन्म घेतात. आकड्याआधी 'पी' हे अक्षर असेल तर तो युरोपीय मापाचा कागद असतो. या मापात पी120 च्या कणाचा सरासरी आकार सुमारे 125 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पी240 चा सुमारे 58, पी400 चा 35, पी800 चा सुमारे 22 आणि पी1200 चा सुमारे 15 मायक्रॉन असतो. जुन्या अमेरिकी मापात 'पी' नसतो, आणि त्यातील 400 चा कण सुमारे 23, तर 600 चा सुमारे 16 मायक्रॉन असतो. म्हणजे 'पी' नसलेला 600 हा जवळजवळ पी1200 इतका बारीक आहे. एखाद्याने 'पी' नसलेला 600 वापरून नंतर पी800 घेतला, तर तो पुढे जात असल्याच्या समजुतीत प्रत्यक्षात मागे गेलेला असतो आणि बारीक पृष्ठभागावर जाड रेघा नव्याने पाडत असतो. धारेच्या दगडांचे आकडे आणखी वेगळ्या मापात असतात, म्हणून कागदावरून दगडावर जाताना केवळ आकड्यावर विसंबू नये. एका कामासाठी एकाच मापाचे, शक्यतो एकाच उत्पादकाचे कागद घ्यावेत.

टप्पे गाळण्याचा प्रश्नही याच आकड्यांतून उलगडतो. प्रत्येक पुढच्या कागदाचा कण आधीच्या कणाच्या साधारण निम्म्याहून फार लहान असू नये. पी240 वरून थेट पी1200 वर उडी मारली, तर 15 मायक्रॉनच्या कणाने 58 मायक्रॉनच्या कणाची खोल रेघ पुसायला इतका वेळ लागतो की हात थकतो, दाब वाढतो, आणि वाढलेल्या दाबाने कडा जातात. पी240, पी400, पी800, पी1200 असे जावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक टप्प्यावर घासण्याची दिशा बदलावी: एक कागद लांबीच्या दिशेने, दुसरा त्याला आडवा किंवा तिरका. नव्या कागदाच्या रेघा जुन्या रेघांना छेदून जातात, त्यामुळे जुनी एकही रेघ उरली असेल तर ती आडवी उठून दिसते. सर्व जुन्या रेघा दिसेनाशा झाल्यावर लगेच न थांबता त्याच कागदाने आणखी थोडा वेळ घासावे, कारण रेघेच्या तळाशी दबलेला, विस्कटलेला धातूही काढायचा असतो. एकाच दिशेने सगळे कागद चालवणाऱ्याला जुनी रेघ नव्या रेघांच्या रांगेत लपलेली दिसतच नाही, आणि पॉलिशने बारीक रेघा गेल्या की तीच एकटी मागे उरते. या लेखाच्या सुरुवातीला सांगितलेल्या तक्रारीचे सर्वांत मोठे कारण माझ्या मते हेच आहे.

जाड कण बारीक कागदावर येण्याची वाट अगदी साधी असते. तोच फडका, तीच तेलाची वाटी, बोटांच्या पेरांतील काळी घाण, भागाच्या भोकात अडकलेला गाळ. कागद बदलताना भाग साबणाच्या पाण्याने जुन्या दातब्रशने धुवावा, भोके आणि खाचा लाकडी काडीने साफ कराव्यात, हात धुवावेत आणि फडका बदलावा. घासलेले कागद एकावर एक रचून ठेवू नयेत. प्रत्येक आकड्याचे वेगळे पाकीट असावे.

कडा बसण्याचा दोष वेगळा आहे, तरी त्याचे मूळ जवळचेच आहे. कागद बोटाने दाबून घासला की बोटाची मऊ पेर कडेवर आली रे आली की खाली वाकते आणि कड कापते. म्हणून कागदामागे नेहमी कठीण आधार असावा: सपाट बाजूसाठी जाड काच, अरुंद बाजूसाठी पोलादी किंवा काचेची पट्टी, आतल्या गोलाईसाठी तेवढ्याच व्यासाची सळई. भाग हलवायचा असेल तर कागद काचेवर स्थिर ठेवून भाग त्यावर फिरवावा. अशा वेळी पुढे ढकलताना पुढची कड जास्त दाबली जाते, म्हणून दर काही फेऱ्यांनंतर भाग अर्ध्या वळणाने फिरवावा आणि दाब बोटांच्या टोकांनी, भागाच्या मध्यावर द्यावा. बोटात नीट धरता न येणारा भाग लाखेने किंवा दुपदरी चिकटपट्टीने लाकडी ठोकळ्यावर चिकटवून ठोकळाच धरावा. लाख गरम केल्यावर सुटते आणि उरलेली स्पिरिटने निघते. ठोकळ्यावर भागाच्या चारही बाजूंना त्याच उंचीचे टाकाऊ पोलादाचे तुकडे चिकटवले तर कागदाची कडेशी होणारी घसरण त्या तुकड्यांवर होते आणि आपल्या भागाची कड जशीच्या तशी राहते. चांगल्या कारागिराच्या कामात सपाट बाजू जेथे संपते तेथे एक स्पष्ट, उजळ रेषा दिसते. ती रेषा टिकवणे हेच या कामाचे खरे कसब आहे, आणि एकदा गेलेली रेषा परत आणायला सबंध बाजू खाली आणण्यावाचून मार्ग नसतो.

व्हाइसमध्ये, म्हणजे बाकावरच्या शिकंज्यात, भाग धरताना जबड्यांवर तांब्याचे, अॅल्युमिनियमचे किंवा कठीण लाकडाचे आवरण असावे. जबड्याच्या खाचांचा ठसा तयार पृष्ठभागावर उमटला तर तो कोणत्याही रेघेपेक्षा खोल असतो. आवरणात रुतून बसलेला कीसही तेच करतो, त्यामुळे भाग धरण्यापूर्वी आवरण पुसलेले असावे.

फिरत्या कापडी चाकाविषयी थोडे सावधपणे लिहितो. चाक मऊ असल्यामुळे ते भोकात आणि खाचेत शिरते, भोकाच्या एका काठाला ओढून शेपूट आणते आणि अक्षरे किंवा खुणा पुसट करते. सपाट बाजूवर आरशासारखी चकाकी हवी असेल तर चाकाऐवजी कठीण लाकडाच्या पट्टीवर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी वडी चोळून हाताने पॉलिश करावे. वेळ अधिक लागतो, पण पातळी टिकते. चाक वापरायचेच असेल तर भोके लाकडी खुंटीने बुजवावीत, भाग चाकाच्या खालच्या भागाशी, कड चाकाच्या फिरण्याच्या दिशेने सुटेल अशा बेताने धरावा. कड चाकाच्या समोर आली तर चाक भाग हिसकावून भिरकावते. लहान भाग उघड्या बोटांत धरून चाकाला लावणे धोक्याचे आहे. हातमोजा घालून किंवा फडका गुंडाळून धरणे त्याहूनही धोक्याचे, कारण कापडासह बोट आत ओढले जाते. डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर धुळीचा मुखवटा असावा, आणि अॅल्युमिनियमची धूळ व पोलादाच्या ठिणग्या एकाच जागी कधीही जमू देऊ नयेत, कारण त्यांच्या मिश्रणाला लागलेली आग अतिशय तीव्र असते.

उष्णता हा न दिसणारा शत्रू आहे. पाणी दिलेले, म्हणजे कडक केलेले पोलाद चाकावर किंवा वेगवान हातयंत्रावर तापले की त्यावर रंग चढू लागतो: सुमारे 220 अंश सेल्सिअसला फिकट गवती, 255 च्या आसपास तपकिरी, 280 ला जांभळा आणि 300 च्या जवळ निळा. पातळ कडेवर हा रंग क्षणात येतो. पॉलिशने रंग निघून जातो, पण रंगासोबत कमी झालेला कडकपणा परत येत नाही. 'पहिल्यांदा छान झाला, थोड्याच वापरात झिजला किंवा वाकला' अशी तक्रार असेल तर बहुधा हेच घडलेले असते. नियम सोपा आहे: चाकापासून दूर घेऊन उघड्या बोटाने चाचपताना भाग सोसवेनासा झाला की थांबावे आणि तो पाण्यात बुडवावा.

कडकपणाचा आणखी एक पैलू आहे. पुष्कळसे लहान भाग आतून मऊ आणि वरून मिलिमीटरच्या काही दशांशांएवढ्याच जाडीच्या कडक थराचे असतात. कानस अशा भागावरून घसरते, कापत नाही, आणि नवखा माणूस कानस खराब आहे असे समजून दाब वाढवतो किंवा चाकाकडे वळतो. घसरणारी कानस हा थांबण्याचा इशारा आहे. अशा भागाला कागदाने उजाळा देता येतो, पण त्याचा आकार बदलू नये. थर निघाला की आतला मऊ धातू उघडा पडतो आणि भराभर झिजतो. जे पृष्ठभाग एकमेकांत अडकून भार धरतात, जसे पिस्तुलातील घोडा आणि खटका यांचे अडकणारे काठ, ब्रेकचे भाग, उचलयंत्राचे अडसर, त्यांना या लेखातील कोणतीही पद्धत लावू नये. तेथे अगदी थोड्या धातूने कोन बदलतो, कडक थर जातो, आणि भाग दिसायला अधिक सुंदर होऊनही केव्हा सुटेल याचा भरवसा राहत नाही. शस्त्राच्या बाबतीत ते काम कायद्याने परवाना मिळालेल्या कारागिराचेच आहे.

मुलामा असलेले भागही आधी ओळखावेत. निकेल किंवा क्रोमचा मुलामा कडेवर सर्वांत आधी फाटतो, आणि तेथून निघालेले कडक कण पुढे ओरखडे पाडत जातात. जुन्या पिवळसर, मळकट मुलाम्याखाली कॅडमियम असण्याची शक्यता असते. त्याची धूळ विषारी असल्यामुळे तसा संशय आला तरी तो भाग घासू नये आणि तापवूही नये.

राहिले गंज आणि काळा रंग. पाणी वापरून घासलेल्या पोलादावर पाहता पाहता तांबूस छटा येते. तिच्यावर पुढचा कागद चालवला की गंजाचे कण बारीक खड्डे पाडतात. शेवटच्या दोन टप्प्यांत पाण्याऐवजी हलके तेल वापरले तर हा त्रास जवळपास संपतो. गंज काढण्यासाठी आम्ल वापरण्याची प्रथा आहे, मात्र कडक पोलादाच्या स्प्रिंगा आणि कमानी आम्लात टाकू नयेत. आम्लातून सुटणारा हायड्रोजन धातूत शिरतो आणि तो भाग नंतर, भाराखाली असताना, काहीही पूर्वसूचना न देता तडकतो.

थंड द्रावणाने निळा-काळा रंग देताना डाग पडत असतील तर प्रथम तेलाचा अंश शोधावा. पॉलिशच्या वडीत मेण आणि चरबी असते, ती भोकांत आणि आट्यांत दडते आणि द्रावण लावताच बाहेर येऊन भोवती फिकट वलय तयार करते. वलय भोकाभोवतीच असेल तर कारण हेच. भाग अॅसिटोनने दोनदा, दुसऱ्या वेळी नव्या अॅसिटोनने धुवावा आणि त्यानंतर हातमोज्याशिवाय त्याला स्पर्श करू नये. बोटाचा ठसा रंगात जसाच्या तसा छापून येतो. भाग किंचित कोमट असला की रंग अधिक एकसारखा बसतो. डाग भोकापासून दूर आणि निश्चित सीमेचा असेल, तर त्या जागेचा कडकपणा किंवा घासणी वेगळी असते, आणि सबंध बाजू पुन्हा एकाच कागदाने एकाच दिशेने घासल्याशिवाय तो जात नाही. रंग मुळीच धरत नसेल तर ते स्टेनलेस पोलाद असण्याचा संभव आहे. त्यातील क्रोमियममुळे ही द्रावणे त्यावर काम करत नाहीत. यांपैकी बऱ्याच द्रावणांत सेलेनियमची विषारी संयुगे असतात, म्हणून हातमोजे, मोकळी हवा आणि स्वयंपाकघराबाहेरची वेगळी भांडी यांत तडजोड नको.

रंग उत्तम बसला आणि दुसऱ्या दिवशी त्यावर तांबूस पूड दिसली, तर आम्लधर्मी द्रावण धातूवर शिल्लक राहिलेले असते. भाग भरपूर पाण्याने धुवावा, खायच्या सोड्याच्या पाण्यात काही मिनिटे ठेवावा, पुन्हा धुऊन लगेच गरम हवेने वाळवावा आणि कोमट असतानाच तेलात बुडवून रात्रभर ठेवावा. सकाळी तेल निथळल्यावर आटे आणि भोके पांढऱ्या कापसाच्या काडीने पुसून पाहावीत. काडीवर तांबूस छटा आली तर फक्त सोड्याचा आणि तेलाचा टप्पा पुन्हा करावा. पृष्ठभागाला कागद लावण्याची गरज नसते.